माफिमिसेबीचं कुलूप

माफिमिसेबीने दाराला कुलूप लावलं आणि गाव त्याच्याशी सरळ बोलेनासं झालं.

आमच्याकडे कुलूप नव्हतंच कुणाकडे. समुद्राकाठच्या चिखलात खांब रोवून, वर फळ्या टाकून आमच्या माणसांनी हे गाव वसवलं, ते येशूच्या पहिल्या शिष्यांसारखं सगळं सामाईक ठेवायचं म्हणूनच. होड्या सगळ्यांच्या, जाळी सगळ्यांची, जेवण एकाच भोजनघरात. मग कुलपाआड ठेवायचं काय?

माफिमिसेबी मासे धुरावर सुकवायचा. लग्न केलं नाही, बोलणं कमी. पण जाळीवरचा मासा उलटताना तो असा जपे, की एकाचंही शेपूट तुटत नसे. भोजनघरातून स्वतःचं जेवून तो आईसाठी एक थाळा घेऊन जाई. आईला मात्र कित्येक महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

"आईच्या नावाखाली स्वतःच हाणतो," पाव भाजणारी एबुन म्हणाली.

"दोन थाळे खाऊन असा वाळका राहील का गं?" मी म्हटलं.

"मग बाहेरून येणाऱ्या होडीवाल्यांना विकत असेल. तुम्ही मास्तर लोक, तुम्हाला सगळेच भोळे दिसतात!"

वेगळं काही राखणाऱ्याने गाव सोडायचं, हा नियम. एका दुपारी ज्येष्ठ बाबा ओरिमिसान मला सोबत घेऊन त्याच्या दाराशी गेले.

"उघड."

"बाबा, आई झोपलीय."

"मग हळूच उघड. काय लपवलंयस? मीठ? कापड?"

"काही नाही."

"काही नसलेल्याला कुणी कुलूप लावतं का रे?"

तो दाराला पाठ लावून उभा राहिला. तेवढ्यात आतून गाणं आलं. आवाज बारीक, पण सुरात. म्हातारी समुद्राच्या जुन्या देवतेला आळवत होती. तीच देवता सोडली म्हणून मार खाऊन आमची जुनी माणसं इथे आली होती, आणि पहिल्या होडीत, पाठीला हे पोर बांधून, ही बाई होती.

"तिला माझं नावसुद्धा आठवत नाही," माफिमिसेबी म्हणाला. "एवढंच उरलंय. गावाने ऐकलं तर तिला काढाल. बाबा, ती जाईल कुठे?"

आत गाणं एका ओळीवर अडलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच. बाबांनी दाराच्या फटीला तोंड लावलं आणि पुढची ओळ हलकेच म्हटली. गाणं पुढे सरकलं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुलूप काढ," ते म्हणाले. "उद्यापासून तिला भोजनघरात आण. कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव."

दुसऱ्या दिवशी लेकाच्या हाताला धरून ती आली. दोन घास खाल्ले आणि गाऊ लागली. एबुनचा हात थाळ्यातच थांबला. म्हातारी माणसं माना खाली घालून जेवत राहिली, आणि त्यांच्यातल्या कुणाचे ओठ गाण्याबरोबर हलतात, ते आम्ही तरुण बघत बसलो.