दाजी आणि बिनतेलाची मिरची

आमच्या दाजींइतका भुकटीवर जीव टाकणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि व्हावा असंही कुणाला वाटलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे जुन्नरचे, नोकरीला पुण्यात एका प्रयोगशाळेत. तिथे ते पोलाद करायचे, पण ओतून नव्हे, कुटून. लोखंडाची भुकटी, तिच्यात चिमूटभर दुसरी एक कठीण भुकटी आणि पोलादी गोळ्या असं सगळं एका डब्यात बंद करायचं आणि तो डबा दिवसेंदिवस गरगर फिरवत ठेवायचा. मग ती भुकटी तापवून, दाबून तिची कांडी करायची. ती म्हणे लालभडक तापली तरी वाकत नाही. आमचे आबा हे ऐकून म्हणाले होते, "जावईबापू, लोखंडाचं पीठ करायचं आन् त्या पिठाचं परत लोखंडच करायचं. मंग दिवसभर केलं काय?"

पण दाजींचा खरा जीव अडकला होता तो त्या डब्यात घालायच्या एका पांढऱ्या, मेणासारख्या पदार्थात. तो नाही घातला तर भुकटी गोळ्यांना आणि डब्याला चिकटून बसते, हाती काही लागत नाही. जास्त घातला तर त्यातला कार्बन पोलादात उतरतो आणि कांडी खाकऱ्यासारखी मोडते. शिवाय काम झालं की तापवताना तो उडूनही गेला पाहिजे. किती घालायचा, या एका प्रश्नावर त्यांची सगळी नोकरी झाली. लग्नाच्या पंगतीत ते लाडू फोडून आचाऱ्याला तुपाचं प्रमाण विचारायचे. आमच्या महाळुंगे पडवळच्या गिरणीत पीठ कुठं चिकटतं ते बघायला एकदा ते इतका वेळ वाकून उभे राहिले, की बायकांना सरकारी साहेब आल्यासारखं वाटलं. आणि प्रत्येक गोष्ट दोन प्रकारे करून बघायची ही खोड. चहासुद्धा दोन कप, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. "तुलनेला पायजे," म्हणायचे. अक्का म्हणायची, "तुलनेला दुसरी बायको आणली न्हाई, येवढं नशीब माझं."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या घरात आबा आणि माझा मोठा भाऊ यांचं बोलणं बंद झालं. आबांना बटाटा लावायचा होता, भावाला पारगावच्या कारखान्यासाठी ऊस. दाजी पुण्याहून आले, की एकाच ओट्यावर बसून दोघं त्यांच्यामार्फत भांडायचे. "जावईबापू, त्याला म्हणावं, ऊस लाव आन् बस पाण्याची वाट बघत." "दाजी, आबांना सांगा, बटाट्याच्या नादात निम्मं आयुष्य गेलं त्यांचं." दाजी मधल्यामध्ये त्यातले काटे काढून निरोप पोचवत. तरीही चूल वेगळी करायचं ठरलं. वर्षाच्या मसाल्याची मिरची वाळत घातली होती, आईनं तिचे मुकाट्यानं दोन ढीग केले. ते करताना ती रडली, आणि मिरचीचं निमित्त सांगितलं.

मंचरला मिरची कांडपावर आम्ही सगळेच गेलो. आबा एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला. कुटायच्या आधी आई मिरचीला तेलाचा हात लावायला लागली, तशी दाजींची कळी खुलली. "दोन ढीग हायेतच. एकाला लावा, एकाला नको."

"पावणं, बिनतेलाचं लई उडतंय," कांडपवाला म्हणाला.

"उडू द्या. तुलनेला पायजे."

तेलाची मिरची गुमान कुटली गेली. मग कडकडीत वाळलेली कोरडी मिरची मुसळाखाली गेली आणि आत चिकटतंय का ते बघायला दाजींनी झाकण उचललं. पुढचं काही दिसलंच नाही. सगळं कांडप खोकत, शिंकत रस्त्यावर आलं. आबा भिंत चाचपडत होते. "पाणी आण रं," ते ओरडले, आणि भाऊ तांब्या घेऊन धावला. "आबा, डोळं चोळू नका. थांबा, मी पुसतो." "आधी तुझं बघ की." कित्येक महिन्यांनी ते एकमेकांशी बोलत होते.

दुसऱ्या ढिगाची निम्मी मिरची मंचरच्या हवेत गेली होती. उरलेली आईनं पहिल्या डब्यातच ओतली. "येवढ्यात दोन चुली व्हत न्हाईत," ती म्हणाली, "पुढल्या साली बघू." पुढल्या साली तो विषय कुणी काढला नाही. दाजी मात्र त्या दिवशी कांडपावरून केव्हाच निसटले होते. ते मला एसटी स्टँडवर उसाचा रस पिताना सापडले. मुद्दाम केलंत का, असं विचारलं, तर म्हणाले, "फरक दिसला का नाय, ते सांग."

दाजी गेले त्याला आता बराच काळ लोटला. मला त्यांची फार आठवण येते, मसाल्याच्या दिवसांत तर जास्तच. त्यांच्या दहाव्याला आबा आणि भाऊ शेजारी शेजारी बसले होते. पावसाची, पिकाची काहीतरी गोष्ट निघाली आणि आबा सवयीनं म्हणाले, "जावईबापू, त्याला म्हणावं..."

भाऊ त्यांच्याकडे वळला. मग तो हळूच म्हणाला, "बोला आबा. मी हितंच हाय."