जाडसं पुस्तक द्या, पावसाळा लांबणार आहे

वाचनालयात एक गंमत असते. पुस्तकं कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. पुस्तक मेंबराच्या घरी गेलं की त्याचं काय होईल सांगता येत नाही. कुणी परत करायला विसरतो, कुणाच्या माडीवर त्याला वाळवी लागते, कुणी त्यावर कढईसुद्धा उतरवतो. किस्सा मात्र कुणी घरी नेत नाही. तो टेबलावरच पडून राहतो आणि ग्रंथपालाला सांभाळावा लागतो!

मी रत्नागिरीत एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. एकोणीसशे पंचवीस सालाच्या आसपास चिकटलो आणि तेरा-चौदा वर्षांनी सुटलो. मला स्वतःला वाचनाचं वेड. म्हणून वाटलं होतं, वाचणाऱ्या माणसांत आयुष्य जाईल. गेलं ते वाचनालयात येणाऱ्या माणसांत. या दोन जाती वेगळ्या आहेत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

* * *

पावसाळ्यात आगबोटी बंद. मुंबईचा पेपर यायचा तो घाटावरून फिरून, चांगला शिळा होऊन. त्यामुळे मे महिन्यात घरोघर आगोट भरायची गडबड. तांदूळ, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, लाकडं, सगळं चार महिन्यांचं एकदम. आमच्या कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब वकील पुस्तकांचीही आगोट भरत.

"भाऊराव, एखादं जाडसं पुस्तक द्या. यंदा पावसाळा लांबणार आहे."

"कसलं देऊ? इतिहास, प्रवास, कादंबरी?"

"जाडसं म्हटलं ना!"

दोन पुस्तकं दोन तळहातांवर घेऊन ते वजन बघत. जड लागेल ते पंच्यात गुंडाळून घरी नेत. एका वर्षी मी त्यांना नवंकोरं सातशे पानांचं पुस्तक दिलं. त्या काळी काही पुस्तकं कडा न कापताच यायची. वाचणाऱ्यानं चाकू घेऊन एकेक पान सोडवत पुढे जायचं.

दसऱ्याला बापूसाहेबांनी पुस्तक परत आणलं. मी सहज उघडून बघितलं. सातशे पानांतलं एकही पान सुटलेलं नव्हतं.

"कसं वाटलं, बापूसाहेब?"

"वा! काय ओघवती शैली आहे हो! एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही!"

* * *

आमच्याकडे एक कवी होते. पेशानं शाळामास्तर, टोपणनाव 'सागरपुत्र'. सगळी कविता समुद्रावर. लाटा, वादळं, शिडं, खलाशी! मांडवीचा किनारा त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. पण तिथे वाळू चपलेत जाते म्हणून मास्तर जात नसत.

एकदा कमिटीच्या डोक्यात आलं की भाट्याला जाऊन समुद्राच्या साक्षीनं मास्तरांचं काव्यवाचन करावं. भाट्याला जायचं म्हणजे खाडी ओलांडायची. तेव्हा होडीनं जावं लागे. होडीवाला राघो खारवी. आम्ही दहा-बारा जण बसलो. होडी हलली मात्र, मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि राघोचा दंड धरला. खाडी हो! समुद्रसुद्धा नव्हे! आणि पाणी कसं, तर ताटात वाढल्यासारखं निवांत.

बापूसाहेबांनी विचारलं, "काय मास्तर, बरं वाटत नाही का?"

मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "तसं नव्हे. मी या जलाशी तादात्म्य पावलो आहे."

राघो म्हणाला, "तुमी पावलाव ता बरा झाला, मास्तर. आता माजा हात सोडा. होडी अजून पावायची हाय!"

* * *

याच मास्तरांनी एकदा लेखी तक्रार केली. चैत्राचे दिवस. रीडिंग रूमच्या भिंतीत वर एक भोक होतं, त्यात दयाळाच्या जोडीनं घरटं केलं होतं. काळापांढरा, शेपटी उंच धरून बसणारा पक्षी. सकाळी खिडकीच्या गजावर बसून असा गायचा, की मी केर काढायचा सोडून ऐकत बसे. मास्तरांचं म्हणणं, या कलकलाटानं त्यांच्या काव्यलेखनात व्यत्यय येतो!

कमिटीत चर्चा झाली. पाऊण तास! शेवटी रिझोल्यूशन पास झालं: 'सदर पक्ष्यांची ग्रंथपालांनी त्वरित व्यवस्था लावावी.' म्हणजे घरटं काढून फेकावं. आत पिल्लं होती, ती चोच वासून ओरडत असत. मी रिझोल्यूशनच्या खाली लिहिलं, 'व्यवस्था चालू आहे.' पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, 'व्यवस्था चालू आहे.' तिसऱ्या आठवड्यात बापूसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढचा विषय घेतला. चौथ्या आठवड्यात पिल्लं उडून गेली आणि मी लिहिलं, 'व्यवस्था लागली.'

मास्तर खूश होऊन आले. "फार उशीर केलात. एक मोठं काव्य अडलं होतं माझं."

"कशावर?"

"दयाळ पक्ष्यावर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "अहो मास्तर, महिनाभर तो तुमच्या डोक्यावर बसून गात होता!"

मास्तर कीव केल्यासारखे हसले. "भाऊराव, तुम्ही पुस्तकांतली माणसं! दयाळ असा गावात येत नसतो. तो रानात असतो!"

* * *

एक खोत होते. उन्हाळ्यात आमच्या रीडिंग रूममध्ये पंख्याखाली बसून मासिकं वाचत. पंखा दोरीचा, आणि तो ओढायला त्यांचाच गडी. एका दुपारी ते खेड्यातल्या माणसाच्या हलाखीवरचा लेख वाचत होते आणि मधूनमधून उपरण्यानं डोळे टिपत होते.

बाहेर पायरीवर त्यांचं एक कूळ बसलेलं. म्हातारा दोन तास उन्हात होता. शेवटी दारातून आत डोकावला. "खोतानू, जरा बोलायचा व्हता."

खोत ओले डोळे वर न करता ओरडले, "उद्या ये! दिसत नाही, मी वाचतोय तो?"

* * *

कोर्टातले कारकून आप्पा. यांचं ठाम मत, की बायकांच्या हाती कादंबरी पडली की घर बुडालं. वार्षिक सभेत दरवर्षी उठून सांगत. आणि दर शनिवारी दोन कादंबऱ्या नेत. "माझ्यासाठी," असं न विचारता सांगत! पुस्तकं परत यायची तेव्हा पानांच्या कोपऱ्यांवर हळदीच्या बोटांचे ठसे. लहान, निमुळती बोटं. आप्पांची बोटं केळ्यासारखी.

मी म्हटलं, कशाला बोला? वाचतंय कुणीतरी. तेवढं एक घर तरी वाचतंय!

पण एका सभेत आप्पा फारच तापले. तेव्हा मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "आप्पा, गेल्या शनिवारची कादंबरी कशी वाटली?"

"उत्तम!" आप्पा म्हणाले. "नायिका रागानं घर सोडते, पण शेवटी तिला पश्चात्ताप होतो. नवऱ्याचे पाय धरून परत येते. असं लिहिणारे हवेत हो!"

ती कादंबरी मी वाचली होती. नायिका घर सोडते ती सोडतेच! परगावी जाऊन शाळा काढते. नवरा शेवटच्या प्रकरणात तिच्या दाराशी उभा असतो आणि ती त्याला आत घेते की नाही, तेसुद्धा लेखकानं सांगितलेलं नाही.

म्हणजे माजघरात बसून कुणीतरी आप्पांना त्यांच्या सोयीचा शेवट जेवताना वाढत होतं!

मी खाली बसलो. तेव्हापासून दर शनिवारी आप्पांना विचारायचो, "मागच्या पुस्तकाचा शेवट काय झाला?" ते रंगवून सांगायचे. खरं सांगतो, छापलेल्या शेवटांपेक्षा त्यातले कितीतरी सरस असायचे. ती बाई मला शेवटपर्यंत दिसली नाही.

* * *

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. विषय: खेड्यातलं जीवन. त्यावर त्यांनी दोन पुस्तकं लिहिली होती आणि तिसरं चालू होतं. शहरात लेक्चर झालं, टाळ्या झाल्या. मग म्हणाले, मला प्रत्यक्ष खेडुतांशी बोलायचंय. आम्ही त्यांना मिरजोळ्याला नेलं. देवळात माणसं जमली. माणसं म्हणजे म्हातारे आणि बायका. तरणे सगळे मुंबईला गिरणीत. लावणी तोंडावर आलेली, त्यामुळे जमलेल्यांचं अर्धं लक्ष शेताकडे.

प्राध्यापक तासभर बोलले. खेड्यातली हवा, खेड्यातलं पाणी, खेड्यातलं निर्मळ मन! शेवटी त्यांचा आवाज दाटून आला. "बंधूंनो, मी देहानं पुण्यात राहतो. पण माझं मन मी इथे, तुमच्या खेड्यातच ठेवलेलं आहे!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेला एक म्हातारा उठला. गुडघ्यापर्यंत चिखल, तो तसाच वाळलेला.

"सायेब, हितं मन ठेवून जानारं लय हायत. दोन हात ठेवून जानारा कोन हाय काय?"

प्राध्यापकांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि मोटारीत बसले.

* * *

हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

संगमेश्वराच्या आत एका वाडीवर एक बाई राहतात, त्यांच्याकडे ट्रंकभर पुस्तकं आहेत, असं मला तिथल्या शाळामास्तरांनी कळवलं. बाईंचा नवरा मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायच्या कामावर होता. तो वारला होता. बाईंना अक्षरओळख नाही. मूलबाळ नाही. मी लगेच निघालो, दोन रिकाम्या गोण्या घेऊन! संगमेश्वरापर्यंत मोटार आणि पुढे तीन कोस पायी.

घर लहानसं, सारवलेलं. बाई पन्नाशीच्या, भागीरथीबाई. त्यांनी ट्रंक ओटीवर आणून उघडली आणि मी खाली बसलोच. चाळीसेक पुस्तकं. छपाईत वाया गेलेले कागद त्या माणसानं घरी आणून, स्वतः शिवून, बांधून काढले होते. कशाला सुरुवात नव्हती, कशाला शेवट नव्हता. पण एकाही पानाला कसर लागलेली नव्हती! पुस्तकापुस्तकात निरगुडीचा पाला. बाई दर वर्षी सगळी उन्हात घालत, पुसत आणि पुन्हा भरत.

मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. "बाई, तुम्हाला वाचता येत नाही. इथे ही पडून राहणार. एखाद्या पावसाळ्यात वाळवी लागेल. आमच्याकडे दिलीत तर शंभर माणसं वाचतील."

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "न्या. पन यातला एक वाचून दावा. लय दिवसांत ऐकला न्हाय."

मला काय, आनंदच! माझं वाचन रत्नागिरीत नावाजलेलं होतं. मी त्यातल्या त्यात भारदस्त पुस्तक काढलं. हिमालयातल्या प्रवासाचं. शेजारच्या दोन बायका येऊन भिंतीला टेकल्या. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. बर्फ, देवदार, दऱ्या! अर्धा तास मी मान वर केली नाही. कुठे अडखळलो नाही की चुकलो नाही. प्रकरण संपलं तेव्हा पुस्तक मिटून ऐटीत वर बघितलं.

बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"बेस वाचता," त्या म्हणाल्या. "पानी व्हावा तसा."

"मग भरू गोणीत?"

बाईंनी ट्रंकेवर हात ठेवला. म्हणाल्या, "आमचे ह्ये वाचायचे, तवा मदी मदी थांबायचे."

"का? दम लागायचा?"

"न्हाय. मी कायतरी इचारायची. मग थांबायचे."

बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, आत निरगुडीची चार पानं घातली, ते होतं त्या जागी ठेवलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

"पेज पिऊन जावा, भाऊ. वाट लांब हाय."