‘आमचे स्वतःचे माग’ दाखवायला बीडहून नेकनूर

बीडहून नेकनूर हा काय प्रवास म्हणायचा? एसटीनं तासाभराचा रस्ता. या ब्लॉगवर मी कुठकुठल्या डोंगरांवर लिहिलं, पण एवढ्याशा रस्त्यावर लिहायला हात धजत नव्हता. लाज वाटते, दुसरं काय!

बीडला आमचं घोंगड्यांचं दुकान. गावात नवे नवे सायबर कॅफे निघाले तेव्हाची गोष्ट. तासाला तीस रुपये मोजून, पुस्तकात बघून बघून दुकानाची वेबसाइट मी स्वतः बनवली. खाली ठसक्यात लिहिलं, ‘आमची कोठेही शाखा नाही’. साइटचा पत्ता शटरवर रंगवला, पिशव्यांवर छापला, चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेतसुद्धा घुसवला. किती जण बघून गेले ते सांगणारा आकडा पानावर असायचा, तो मीच पान पुन्हा पुन्हा उघडून वाढवायचो.

वडील विचारायचे, "काय रं, कुनी येतं का त्येच्यावर?"

मग मला अक्कल सुचली. नेकनूरचे धोंडिबामामा घोंगड्या विणायचे, आम्ही नुसत्या विकायचो. त्यांचा मागावर बसलेला फोटो माझ्याकडं होता. तो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमचे स्वतःचे माग’. मामांना कुणी ओळखू नये म्हणून तोंड काढायचं होतं, पण कॉम्प्युटरवर फोटो कापायचा कसा ते येईना. सरळ कात्री घेतली. स्कॅनरवर गेले ते नुसते दोन हात. वरचा तुकडा कॅफेतल्याच टोपलीत टाकला.

आणि खरंच गिऱ्हाईक आलं! पुण्याच्या देशमानेबाई, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, पानाचा छापील कागद घेऊन दुकानात हजर. "मला तुमचे माग बघायचेत. उद्याच जाऊ या." मामांकडं फोन नव्हता. आमच्याकडं अशा वेळी निरोप एसटीच्या कंडक्टरकडं देतात, तसा मीही संध्याकाळच्या गाडीला दिला. "धोंडिबामामाला सांगा, पाव्हण्या येतायत. माग आमचेच हायेत म्हना."

सकाळी नेकनूरवरून जाणारी केजची गाडी धरली. खिडकी पाहिजे असेल तर बाहेरूनच रुमाल टाका. मांजरसुंब्याला गाडी थांबते, तिथं गरम भजी खाऊन घ्या. बाईंनी दोन प्लेटी हाणल्या. पुढं डोंगर, सीताफळाची झाडं, आणि बाईंची पेन्सिल वहीवर चालूच.

नेकनूरच्या स्टँडवर पाय ठेवतो न ठेवतो तोच पानटपरीवरून आवाज आला, "या मालक! सोताचे माग बगाया आलाव का?" सगळी टपरी फिदीफिदी हसली. कंडक्टरनं निरोप खिडकीतून ओरडून दिला होता. दुसरं काय होणार होतं? बाई कौतुकानं म्हणाल्या, "बराच मान दिसतो हो तुम्हाला इथं!"

मामा धुवट पटका बांधून दारात उभे. अंगणात सुताला चिंचोक्याची खळ लावून वाळत घातलेली.

"या मालक," ते म्हणाले. एरवी मला बाळ्या म्हणायचे.

चहा आला. बाईंनी कागद पुढं केला. मामांना वाचता येत नव्हतं, पण फोटो बघून हरखले. "हे माजेच हात की! ह्यो अंगठ्याचा वण बगा!" मग त्यांनी कागद उलटून मागं बघितलं. "अन् तोंड कुठं गेलं?"

"मावलं न्हाई, मामा," मी म्हणालो.

"हां," मामा म्हणाले.

बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही यांच्या मागावर काम करता?"

मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "व्हय. मालकाचेच हायेत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माग मामांचे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मी चहा पीत बसलो.

बाईंनी तीन घोंगड्या घेतल्या आणि वहीत नाव लिहून घेतलं, आमच्या दुकानाचं. निघताना मामांनी मला बाजूला घेतलं. "पाव्हण्यांसमोर तुजी फजिती नको म्हून बोललो. तेवढा फोटो नीट ठिव रं बाळ्या. जल्मात एकच काढलाय."

बीडला परत येईपर्यंत मी बाईंशी धड बोललो नाही. पान बदलायचं, मामांचं नाव टाकायचं, असं ठरवलं. वडील म्हणाले, "नाव टाकलंस तर गिऱ्हाईक थेट तिकडंच जाईल." उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता साइटला फुकट जागा देणारी कंपनीच बंद पडली आणि पानही गेलं.

काही वर्षांनी मामांची लेक दुकानात आली. "दादा, अप्पा गेले. भिताडाला लावाया फोटो पायजे. तुमच्याकडं हाय म्हनायचे." मी फोटोचं पाकीट आणून दिलं. तिनं फोटो काढला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चालंल. हात तरी हायेत."

तुम्ही नेकनूरला गेलात तर स्टँडपासून पाच मिनिटांवर ते घर आहे. भिंतीवर हार घातलेली चौकट दिसेल, आत नुसते दोन हात. तोंड कुठं गेलं म्हणून घरच्यांना विचारू नका. मला विचारा.