तनवीरभाईंचं सहावं बटन

लकव्यानं तनवीरभाईंचा डावा हात नेला, तेव्हा कळलं की कॉम्प्युटरवरचं निम्मं काम डावा हातच करत होता. कॉपी, पेस्ट, चुकलं की मागं घेणं, सगळं त्याच बोटांचं. अकोल्याच्या नत्थुजींच्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं लग्नपत्रिका जुळवलेला हा माणूस. आता एक ओळ हलवायची तर मेटाकुटीला यायचा. नत्थुजी वाईट नव्हते, पण धंदा तो धंदाच. म्हणाले, "एवढा सीझन पाह्यतो, तनवीर. नाही जमलं तं घरीच बस."

घरी बसणं काय असतं ते तनवीरभाईंनी आठ महिने भोगलं होतं. पुन्हा तेच? नको रे बाबा!

शेवटी त्यांच्या बायकोनं, फरजानानं, कुठून तरी एक जुना माऊस आणला. गेम खेळणाऱ्या पोरांचा, अंगठ्याखाली बारा बटनं असलेला. माऊसच्या कंपनीचं सॉफ्टवेअर प्रेसच्या जुनाट कॉम्प्युटरवर चालेना. मग दुसऱ्याच कोणाचं तरी सॉफ्टवेअर सापडलं. त्यात कोणत्या बटनानं काय करायचं ते आपणच ठरवायचं. तनवीरभाई हट्टाला पेटले. पहिल्यावर कॉपी, दुसऱ्यावर पेस्ट, तिसऱ्यावर मागं घेणं. जमलं तसा हुरूप आला. चौथ्यावर 'चि.', पाचव्यावर 'चि. सौ. कां.', सहाव्यावर 'कै.' ठेवलं. बटन दाबलं की अक्षरं हजर! गेलेला हात परत मिळाल्यागत वाटलं, आणि ते स्क्रीनसमोर बसून चक्क रडले.

हिवरखेडच्या खुशालरावांच्या मुलीची, रागिणीची पत्रिका आली. प्रूफ रागिणीनंच तपासलं. छपाईच्या तोंडावर तिचा फोन आला, "काका, आजीचं नाव सगळ्यात वर घ्या." तनवीरभाईंनी ओळ उचलली. वर ठेवताना अंगठा आधी चुकून सहाव्या बटनावर पडला, मग दुसऱ्यावर. प्रूफ पुन्हा पाठवायचं हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम. पण आपण किती झटपट करतो ते नत्थुजींना दाखवायचं होतं ना! पाचशे पत्रिका छापून गेल्या.

पहिली पत्रिका देवापुढं ठेवताना खुशालरावांनी वाचली: 'कै. गोदाबाई'. गोदाबाई शेजारच्या खोलीत तूर निवडत बसल्या होत्या.

"माही माय जिती हाय," खुशालराव फोनवर एवढंच बोलले.

नत्थुजी म्हणाले, "तूच जाय हिवरखेडले. त्यायनं माफ केलं तं ये, नाही तं येऊ नोको."

तनवीरभाई एसटीनं गेले. खुशालरावांनी त्यांना बसाही म्हटलं नाही. "विधवा बाईचं नाव कायले टाकता, म्हणून भाऊबंद पयलेच बोलून राहिले होते. पोरीचा हट्ट होता. झाला ना अपशकुन? आता ते नावच नोको. अन् पत्रिका आमी दुसरीकडून छापू."

म्हणजे संपलंच. तनवीरभाई गोदाबाईंपुढं खाली बसले. "माय, चूक मशीनची नाही, माही हाय."

म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "हात काहून लोंबते तुहा?"

त्यांनी सगळं सांगितलं, बटनांसकट. तिनं पत्रिका मागितली. वाचता येत नव्हतं. तनवीरभाईंनी नावावर बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"या घरात चार लग्नं झाले, खुशाल. चाऱ्ही वक्ताले मी चुलीपाशी होती. मालक गेल्यापासून कोन्या पत्रिकेत माहं नाव आलं? मंग यानं मले मेलेली लिवलं, ते काय खोटं होय?"

खुशालरावांनी तनवीरभाईंपुढं पाट सरकवला. म्हातारी तनवीरभाईंकडं वळली.

"नावासमोरचं तेवढं काढ रे बाबू. नाव राहू दे. अन् पत्रिका यानंच करायची, दुसऱ्याच्या हातून नोको."

दुसऱ्या दिवशी तनवीरभाई आपल्या खुर्चीत बसले. नाव जुळवलं, प्रूफ रागिणीला पाठवलं, तिचं उत्तर येईतो छपाई थांबवली. मग सॉफ्टवेअर उघडून सहावं बटन रिकामं केलं.

नत्थुजी मागं उभे होते. "काहून काढलं? टाइम वाचते ना."

"वाचते," तनवीरभाई म्हणाले. "पण मानूस मेला असं लिवाले थोडा टाइम लागलाच पायजे, शेठ."