शकूने मारलेली जोडखूण

शकू गेली तेव्हा मी दुकानात पाण्याच्या मोटारीचं बेरिंग काढत होतो. शेजारची सून धावत आली आणि दारातूनच ओरडली, "मामा, बिगीबिगी चाला, मामीले आवाज दिधा तरी उठी नही ऱ्हायनी." हातातला पाना टाकून निघालो. दुकान ते घर शंभर पावलं. त्या शंभर पावलांत माझ्या डोक्यात एकच होतं... हिला कळलं होतं का? बायको तिकडे पडलेली आणि माणूस असला विचार करतो. पण केला, खोटं कशाला लिहू. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर गवारीचं ताट, अर्धी गवार मोडलेली. हाताला हात लावला आणि समजलं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं काम माझं नाही. पण तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिला फसवलं, आणि ते कुणाला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही. म्हणून लिहितो.

पुरुषोत्तमनगरला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. चाळीस वर्षं मी जळालेल्या मोटारी उघडल्या आणि शकूने त्यात नवी तांब्याची तार भरली. माझी बोटं जाड, तिची बारीक. आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोटार उघडायच्या आधी झाकण आणि बॉडी यांच्यावर मिळून एक आडवी रेघ मारायची. तिला जोडखूण म्हणतात. परत बसवताना रेघ रेघेला मिळाली की झाकण जागच्या जागी. लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला ते शिकवलं. मी छिन्नीने मारायचो, ती लाल वार्निशने मारायची, बारीक कुंचल्याने.

एकदा शहाद्याच्या कॉलेजचे एक सर सुपारीएवढी मोटार घेऊन आले. रिमोटवर उडणाऱ्या विमानाची, जळलेली. मी म्हटलं, सर, हे खेळणं आहे, नवीन घ्या. शकूने ती माझ्या हातातून काढून घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाली, "तीनच वायरी शेत. आपला पंपच शे हाऊ, पोरगा शे त्यान्हा." दोन दिवसांत तार भरून दिली. लावली तर मोटार उलटी फिरली. सरांचा चेहरा पडला. हिने तीनपैकी दोन वायरी आपसात बदलल्या, झाली सुलटी. पंपाला करतो तेच. पुढे सरांची बदली झाली आणि जाताना त्यांनी विमान, रिमोट, सगळं तिलाच देऊन टाकलं. म्हणाले, मावशी, हे तुमच्याकडेच जगेल.

साठी ओलांडलेली बाई विमान उडवते म्हणून गाव हसलं. साखर कारखान्याचं गळीत बंद झालं की उसाच्या गाड्यांचं मैदान रिकामं पडतं. तिथे सकाळी सकाळी आम्ही जायचो. वॉचमन विचारायचा, "मामी, आज इमान सुरतले का?" ही म्हणायची, "तुलेच बसाडीसन नेसू, तिकीट काढ पहिले."

मला मात्र त्या विमानाचं पहिल्यापासून भ्याव. मोटार आणि बॅटरी यांच्या मधे एक डबी असते, स्पीड कंट्रोलर. रिमोटची दांडी किती वर आहे ते पाहून ती मोटारीला वेग देते. एकदा टेबलावर बॅटरी जोडलेली होती आणि माझं कोपर दांडीला लागलं. नाकावरचा पंखा गरकन फिरला, विमान उडी मारून तिच्या हातावर गेलं. तळव्याला तीन टाके. ती ओरडली नाही, मी ओरडलो. तेव्हापासून तिने कायदा केला, "पह्यले पंखा काढा, मंग वायर लावा." टेबलावर काही करायचं तर पंखा काढून तारेच्या डब्यात. बॅटरी जोडायच्या आधी रिमोट चालू, आणि बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट. एकदाही चुकली नाही.

मग तिच्या छातीचं दुखणं निघालं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऊन नको, धावपळ नको. विमान उसात उतरलं की ही धावायचीच. एक दिवस मैदानातच खाली बसली. ओठ निळे. मी तिथे धुळीत तिचं डोकं धरून बसलो आणि माझे दात वाजत होते, भर उन्हाळ्यात. घरी आल्यावर म्हटलं, बंद कर आता. ती म्हणाली, "इमान वर उडस. मी ते खालेच शे ना?" आणि हसली. मला हसू आलं नाही. रात्र रात्र तिचा श्वास मोजायचो.

तिच्याशी भांडून कधी जिंकलो नाही. म्हणून मी चोरी केली. दांडीशेजारी एक छोटी सरकपट्टी असते, खाचांची. ती वर सरकवली की दांडी तळाला असूनही डबीला वाटतं, दांडी वर आहे. मग डबी मोटार चालूच करत नाही, नुसती पिक पिक करत बसते. हे मी तिच्याच हाताकडे बघून शिकलेलो. सकाळी ती अंघोळीला गेली आणि मी पट्टी चार खाचा वर नेली. डोळे न्हाणीच्या दाराकडे, पट्टी नुसती बोटाने चाचपून सरकवली.

मैदानात डबी पिक पिक करत राहिली. ती घरी आली, संध्याकाळी पंखा काढला, आणि दांडीचा तळ कुठे, टोक कुठे ते डबीला पुन्हा शिकवायला बसली. दांडी पूर्ण वर, बॅटरी जोड, दोनदा वाजलं की दांडी पूर्ण खाली. इथे पूर्ण, इथे शून्य. लांब आवाज आला, मोटार फिरली. दुसऱ्या सकाळी मी पट्टी आणखी वर नेली. पुन्हा पिक पिक. तिने वायरी तपासल्या, पिना घासल्या, पुन्हा शिकवलं. पुन्हा फिरली. तिसऱ्या सकाळी मी पट्टी पार टोकाला नेली, पुढे खाचच नव्हती. त्या दिवशी मैदानात ती बराच वेळ रिमोटकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "संध्याकाये चांगली व्हस, सकायले बिघडस. मशीन अशी करस का कधी?" मी वॉचमनच्या खोलीकडे बघत होतो. मग ती बॅटरी काढत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. डबीले भ्याव वाटस व्हई."

तिने विमान खुंटीला टांगलं. पुन्हा हात लावला नाही. मला बरं वाटलं... आणि मेल्यासारखंही वाटलं. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज घाबरायचो. महिन्याच्या आत ती घरात बसल्या बसल्या गेली. ना ऊन, ना धावपळ. मी तिचं विमान घेतलं आणि बदल्यात तिला काहीच दिलं नाही.

तेराव्यानंतर रिमोट काढून ओट्यावर उन्हात पुसायला बसलो. पुसता पुसता बोट थांबलं. सरकपट्टीच्या मुठीवर केसाएवढी लाल रेघ. आणि खाली, बॉडीवर, तिचाच दुसरा तुकडा. वार्निश. जोडखूण. सरांनी रिमोट दिला तेव्हाच कधीतरी तिने मारून ठेवली असणार. मी घाबरून, घाईत पट्टी सरकवली, रेघ दिसलीच नाही. जी रीत मीच शिकवली, तीच मला दिसली नाही.

म्हणजे पहिल्या सकाळीच तिने पाहिलं होतं. रेघ तुटलेली, घरात माणसं दोनच. पट्टी खाली ओढली असती तर एका क्षणात काम झालं असतं. तिने ओढली नाही. मी भीतीने जिथे शून्य नेऊन ठेवलं, तेच शून्य ती डबीला शिकवत बसली. दोनदा. मला बोलायला वेळ देत होती का? तिसऱ्यांदा सोडून दिलं. माझ्यासाठी सोडलं की माझ्यावर रागावून सोडलं, हे आता कोण सांगणार? भ्याव डबीला वाटत नव्हतं, एवढं तिला ठाऊक होतं.

काल मी बॅटरी चार्ज केली. विमान खुंटीवरून उतरवलं. पह्यले पंखा काढला, तारेच्या डब्यात ठेवला. पट्टी एकेक खाच खाली आणली, रेघ रेघेला मिळेपर्यंत. दांडी तळाला, रिमोट चालू, मग बॅटरी. तो लांब आवाज आला नाही तर काय, याचं भ्याव होतं. आला तर त्याहून जास्त... बिघाड तेवढा मीच होतो हे ठरलं असतं. डबी दोनदा छोटी वाजली आणि मग एकदा लांब. तयार आहे म्हणाली.

दांडी जरा वर केली. मोटार फिरली. पंखा नव्हता, तरी मी हात मागे घेतला.