वेल्सच्या बँडचं वाईट चिंतणारे भाऊजी

वेल्समधल्या एका हेवी मेटल बँडचं वाईट व्हावं म्हणून जवळजवळ चाळीस वर्षं मनापासून वाट पाहणारा, आणि त्याच बँडवर जीव ओवाळून टाकणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. उमरेडच्या विणकरांच्या घरातले हे भाऊजी. वडिलांचा माग बंद पडला तसे नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात लागले आणि सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी काढून निवृत्त झाले ते एवढा आवाज कमावून, की ते माझ्या कानात काही गुपित सांगायला लागले की समोरच्या घरातल्या काकू "अगं बाई, हो का?" म्हणतात.

या आवाजात ते बँडविषयी बोलतात. बँडचं नाव वेल्श भाषेतलं. ते उच्चारताना भाऊजींची कवळी एकदा निघाली, तेव्हापासून ते त्याला नुसतं "आपला बँड" म्हणतात. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा भाव करता करता ते दलालाला सांगतात, की आपल्या बँडच्या बासवाल्याचं आणि गिटारवाल्याचं पुन्हा फाटलं. दलाल बिचारा आपल्याच नात्यातल्या कुणाचं तरी फाटलं असावं अशा समजुतीनं हळहळतो. माझ्या मुलीच्या लग्नात सप्तपदी चालली असताना भाऊजींनी गुरुजींना विचारलं होतं, "तीन माणसाईचा बँड पन्नास वर्षं टिकत नाही, गुरुजी, हे दोघं टिकतीन काय?" गुरुजींनी पुढचे मंत्र जरा घाईतच म्हटले.

या प्रकरणाची सुरुवात मात्र गंभीर आहे. भाऊजी नवे नवे हेल्पर असताना टर्बाइनच्या दुरुस्तीसाठी परदेशातून एक फिटर आला होता. वेल्सच्या कोळशाच्या खाणींच्या गावचा, उंच, अबोल माणूस. भाऊजी त्याला फिटरसाहेब म्हणत. जेवणाच्या सुट्टीत तो नट पिळायचे दोन पाने घेऊन पाइपावर असा काही ताल धरायचा, की सगळी पाळी डबे उघडे ठेवून ऐकत बसे. एक दिवस त्यानं भाऊजींना एक कॅसेट दाखवली. तरुणपणी तो आणि त्याचे दोन मित्र मिळून बँड चालवत. ढोल हा वाजवायचा. इतकं जड, अंगावर धावून येणारं संगीत तोवर त्यांच्या मुलखात कुणी वाजवलंच नव्हतं. पण याच्या वडिलांना खाणीत अपघात झाला, घर चालवायला पगार हवा होता, म्हणून यानं बँड सोडला आणि हातात पाना घेतला. दोनच महिन्यांनी बँडची पहिली तबकडी निघाली. पुढं लोक त्यांना हेवी मेटलचे आद्य वगैरे म्हणायला लागले. हे सगळं सांगून, ती कॅसेट भाऊजींच्या हातात ठेवून फिटरसाहेबानं विचारलं, "मी सोडलं ते बरोबर केलं ना?"

भाऊजींना तेव्हा इंग्रजीचे तीनच शब्द येत होते: टाइट, लूज आणि स्टॉप. गोष्ट शेजारच्या इंजिनियरनं मराठीत समजावली होती, पण उत्तर आपणच द्यायला हवं म्हणून त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "टाइट, सर."

दुसऱ्या दिवशी तो माणूस परत गेला. भाऊजींना रुखरुख लागली. एवढ्या लांबून आलेल्या माणसानं आयुष्याचा सवाल विचारला आणि आपण त्याला नटबोल्टचं उत्तर दिलं! ते तडक माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवायला नुकताच लागलो होतो. "मास्तर," ते म्हणाले, "त्या माणसाले कळाले पायजे का त्यानं बरोबर केलं. तो बँड कसा खड्ड्यात चालला हे आपण त्याले कळवत राहू. तू फक्त इंग्रजी कर गा."

कॅसेटच्या डबीवर त्यानं पत्ता लिहून दिला होता; अशी ती पत्रं सुरू झाली. बँडची वाईट बातमी मिळवायची तर बँडवर नजर ठेवायला हवी, म्हणून भाऊजी दर रविवारी नागपुरात बर्डीवरच्या फुटपाथवर रद्दीत आलेली परदेशी मासिकं उपसत बसायचे. मग मला मजकूर सांगायचे. "आदरणीय सर, कळवण्यास आनंद होतो की गिटारवाल्याचा हात मोडला आहे." "आदरणीय सर, यंदा त्यांची गाडी बर्फात अडकून दोन कार्यक्रम बुडाले. आपण बँडमध्ये असता तर आपणही गारठला असता." एका वर्षी त्यांची तबकडी तुफान गाजली. भाऊजी तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी मुखपृष्ठावरचा फोटो भिंगातून पाहून त्यांनी लिहायला लावलं, "सर, बासवाला फार वाळला आहे. नावाचं काय घेऊन बसलात, वेळेवर जेवण नाही." चांगली बातमी त्यांनी एकदाही कळवली नाही. तिकडून वर्षाकाठी एक छोटं उत्तर यायचं: पत्र मिळालं, आभार, सगळं ठीक.

आणि या भानगडीत भाऊजी त्या संगीताच्या प्रेमात पडले. दोष शोधायला म्हणून ते कॅसेट लावायचे आणि दोष सापडेना म्हणून पुन्हा लावायचे. ताई वैतागायची. "दुश्मनाची कॅसेट इतकी कोणी घासते काय हो?" भाऊजी डोळे न उघडता म्हणायचे, "खराबी पाहून राहिलो वं." बँड फुटला, पुन्हा जुळला, दुसरे ढोलवाले आले आणि गेले, कंपनीनं त्यांना काढून टाकलं, त्यांची नक्कल करणारे मोठे झाले आणि हे लहान लहान सभागृहांत वाजवत राहिले. यातली प्रत्येक बातमी भाऊजींनी पाणावल्या डोळ्यांनी मिळवली आणि आनंदानं कळवली.

गेल्या उन्हाळ्यात फिटरसाहेबाचं मोठं पत्र आलं. त्यांच्या गावात बँडचा सत्कार होता, आणि सुरुवातीची दोन गाणी या मूळच्या ढोलवाल्यानंच वाजवावीत असा मित्रांचा आग्रह होता. "तुमच्या पत्रांनी मला इतकी वर्षं धीर दिला," त्यानं लिहिलं होतं. "या बँडविषयी तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. तुम्हीच सांगा, जाऊ का?" खाली उत्तरासाठी मुलीचा ईमेल दिला होता.

ते पत्र घेऊन भाऊजी भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून माझ्याकडे आले. मागोमाग ताई. भाऊजी चक्क हळू आवाजात बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा शेजारी काही ऐकू गेलं नसेल.

"मास्तर, मी त्या माणसाले फसवलं गा. अर्धीच गोष्ट सांगितली. चांगलं तेवढं सगळं दाबून ठेवलं. आता तो मलेच इचारून राहिला."

"मग खरं लिहून टाका," मी म्हणालो.

"अन् त्याले वाटलं का आपण उगाच सोडलं, तं? ह्या वयात?"

संध्याकाळपर्यंत आम्ही पाच खर्डे फाडले. शेवटी भाऊजींनी स्वतः सांगितलं ते मी तसंच लिहिलं: "सर, मी वाईट तेवढंच कळवलं. तुमचा बँड फार मोठा होता. गाणी फार सुंदर आहेत, मी रोज ऐकतो. तुम्ही जा. आणि मला माफ करा."

तो ईमेल पाठवल्यावर भाऊजी घरी जायला तयार होईनात. आमच्याच दिवाणावर आडवे झाले. सकाळी सातच्या सुमाराला उत्तर आलं. मी वाचायला लागलो आणि मला हसू आवरेना. भाऊजींनी माझं मनगट धरलं. "काय लिहिलं? काहून हासून राहिला?"

फिटरसाहेबानं लिहिलं होतं की बासवाला त्याच्या पलीकडच्याच गल्लीत राहतो. दर शनिवारी सगळे जुने मित्र गावच्या गुत्त्यात बसतात, आणि नागपूरचं पत्र आलं की तिथं ते मोठ्यानं वाचलं जातं. गिटारवाल्याचा हात मोडल्याची बातमी खुद्द गिटारवाल्याला याच पत्रातून कळली. त्याचा हात कधी मोडलाच नव्हता. आणि बँड सोडल्याचं म्हणाल, तर नोकरी लागली त्याच वर्षी लग्न झालं, मुलगी झाली, वडील आणखी बारा वर्षं जगले. जे केलं ते बरोबर होतं हे त्याला केव्हाच उमगलं होतं. सत्काराला जातो, पण तुमच्या परवानगीनं.

ताई चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. "अवं माय! तो तेथंच राह्यते ना हो! बँड त्याच्या गावचा, अन् तुम्ही त्याले नागपुरातून बातम्या कळवता? इतक्या वर्षांत दोघाईच्याही डोक्यात हे आलं नाही? मास्तर म्हणे!"

भाऊजी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले. मग असा दणदणीत श्वास सोडला की खिडकीवरचं कबुतर उडालं. "म्हणजे तो सुखात होता गा!" असं म्हणून ते हसत सुटले आणि ताईच्या हातातला माझा कपही त्यांनीच पिऊन टाकला.

उत्तराच्या शेवटी आणखी चार ओळी होत्या, त्याही मी वाचल्या. ही पत्रं सर्वांत जास्त आवडायची ती त्याच्या बायकोला. ती स्वयंपाकघरात काम करत असे आणि तो तिला वाचून दाखवत असे. ती जाऊन सात वर्षं झाली. तो अजूनही तिथंच उभा राहून, मोठ्यानंच वाचतो.

हल्ली मजकूर सांगताना भाऊजी मला मध्येच थांबवतात. वाक्य लहान कर म्हणतात; त्याचं वय झालं, वाचताना दम लागत असेल. आणि एखादी हसायची ओळ आली की तिच्याखाली, ऐकणारीला हसायला म्हणून, थोडी जागा कोरी सोडायला लावतात.