दहावरून अकरावर

उन्हाळा संपता संपता माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट यायला लागली. तुमच्या दहा नंबरच्या विंडोजची देखभाल आता बंद होणार, तुमचं मशिन अकरा नंबरसाठी तयार आहे, तरी घ्या. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'. मी 'नंतर' दाबायचो. दोन दिवसांनी चौकट पुन्हा दारात उभी. विमा एजंटाला निदान पाण्याचा तांब्या देऊन वाटेला लावता येतं, हिचं काय करणार?

कॉम्प्युटर माझ्या मुलीचा. ती कॅनडात कामाला गेली तेव्हा जाताना माझ्या गळ्यात बांधून गेली. म्हणाली, "अण्णा, सातबारा, लाइटबिल, समदं घरबसल्या दिसंल." सातबारा मी एकदा पाहिला. त्यावर माझंच नाव होतं. ते रोज काय पाहायचं? मग मी त्यावर पत्ते खेळायला लागलो. एकट्याने खेळायचा डाव असतो, त्यात भिडू लागत नाही. बायको गेल्यापासून पिंपरी पेंढारच्या या मळ्यातल्या घरात मी एकटाच राहतो, त्यामुळे डाव माझ्या सोयीचा होता.

दिवस कसाही जातो. पारावर बसता येतं, आळेफाट्याला चक्कर मारता येते. संध्याकाळ मात्र जात नाही. बिबट्याच्या भीतीने दिवे लागायच्या आत ज्याची त्याची दारं बंद होतात. पूर्वी माणसं अंगणात बाज टाकून बसायची, आता अंगणात फक्त बल्ब जळतो. मी आत, पडद्यासमोर.

तर ते मशिन बिघडायचं. कधी मराठी अक्षरं उमटेनाशी व्हायची, कधी प्रिंटर गायब व्हायचा, एकदा तर सगळा पडदाच आडवा झाला आणि मी दोन दिवस मान वाकडी करून पत्ते खेळलो. बिघडलं की मी मुलीला फोन करायचो. आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. ती म्हणायची, "नंबर सांगा." मी पडद्यावरचा नंबर वाचून दाखवायचो, परवानगीचं बटण दाबायचो, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागायचा. माझे दोन्ही हात मांडीवर आणि बाण आपला फिरतोय. पहिल्यांदा मी खुर्ची मागे सरकवली होती. कॅनडात बसून पिंपरी पेंढारचं मशिन चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पण हिच्या शेळ्या बरोबर गोठ्यात जायच्या.

काम पाच मिनिटांचं असायचं. पण एकदा आत शिरली की ती बाहेर पडायची नाही. माहेरी आलेल्या मुलीने फडताळ उघडावं तशी मशिनमधली सगळी कपाटं उघडायची. "अण्णा, ह्यो टाकीच्या नळाचा फोटो कशाला काढलाय?"

"गळतोय. तुला दाखवायचा व्हता."

"मंग दाखवला का न्हाई?"

"इसरलो."

"इसरलात आन् आठ फोटो काढलेत?"

बाण त्यातले सात फोटो टोपलीत टाकायचा. कधी फिरता फिरता तिच्या आईच्या फोटोवर येऊन थांबायचा. फोन स्पीकरवर तसाच चालू असायचा, तिकडे भांडं वाजलं की इकडे ऐकू यायचं. मग बाण पुढे जायचा. घरात कोणीतरी वावरतंय असं तेवढा वेळ वाटायचं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा, नाही असं नाही. पण तोंडासमोर तोंड आलं की आम्हा दोघांना बोलणं सुचत नाही. जेवलात का, गोळी घेतली का, तिकडे बर्फ किती, इकडे बिबट्या कुठे दिसला. संपलं. ती तिच्या घरात मला बघते, मी माझ्या घरात तिला, आणि दोघंही ठेवू का ठेवू का करत राहतो. बाण आला की तसं होत नसे.

तीच एकदा म्हणाली, "अण्णा, अकरा टाकूया. मी समदं नीट बसवून देते. परत कटकट न्हाई."

मला भीती होती ती त्याचीच. कटकट नसेल तर ती येईल कशाला?

मी आयुष्यभर वायरमनकी केली. सुरुवातीची किती तरी वर्षं तळेघरच्या डोंगरात होतो. तिथे पावसाळ्यात फांदी पडायची, तार तुटायची, एस्टी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. वाडीवर पोचलो की भातखाचरातून माणसं हाका मारायची, "आला रं वायरमन आला!" कोरा चहा, नाचणीची भाकरी, बसायला घोंगडी. पुढे माझी बदली आळेफाट्याला झाली. तिथे गॅरेजं, हॉटेलं, लाइन पक्की, फॉल्ट क्वचित. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. ज्या गावात लाइट जात नाही तिथे वायरमनला चहा मिळत नाही, हे मी पोटाने शिकलो होतो. माझ्या घरात वायरमन ती होती आणि अधूनमधून लाइट जायला हवी होती.

म्हणून मी टाळत गेलो. भाद्रपदात म्हणालो, "पितृपंधरवडा लागलाय. ह्या दिवसांत नवं काय करू नये." तिच्या आईचा घास अविधवा नवमीला असतो, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. पंधरवडा संपला, घट बसले. मी म्हणालो, "आता घट हलवायचं न्हाईत, तर मशिन कसं हलवायचं?" घटांचा आणि मशिनचा काय संबंध, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "मंग दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला हाय, आता काय सांगाल?"

आळेफाट्याला इलेक्ट्रिक सामानाचं दुकान असलेले एक शेठ माझे जुने दोस्त. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण हे बोलतात आमच्यापेक्षा गावरान. त्यांना विचारलं, अकरा घ्यावं का. त्यांनी आधी विचारलं, "किती पडतं?"

"फुकट हाय."

"फुकट हाय आन् तुमी इचार करताय? राव, फुकट ते पौष्टिक!" गल्ल्यावरून उठून त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माझी तब्येत बरी नसावी असा त्यांचा समज झाला असावा. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. चार गिऱ्हाइकांसमोर काय सांगणार?

खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याचं पोट ज्या हत्यारावर चाललं ते हत्यार पुजायचं. पाटावर मी माझी पकड, टेस्टर, रबरी हातमोजे आणि खांबावर चढायचा कमरेचा पट्टा मांडला. सगळं निवृत्त. मग वाटलं, सध्या ज्याच्या आधारावर दिवस काढतोय त्याला कसं विसरायचं? कॉम्प्युटरच्या डब्यालाही हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला. हार घसरायला लागला, तेव्हा डब्याच्या वरच्या जाळीत दोन-तीन फुलांचे देठ खोचून दिले. छान बसला. पुजलेली हत्यारं दसरा होईपर्यंत उचलायची नसतात, म्हणून मशिनही बंद ठेवलं.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन घरी आलो आणि बटण दाबलं. आतून खर्र खर्र असा आवाज आला आणि मशिन बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मुलीला फोन लावला.

"नंबर सांगा."

"नंबर कुठला? पडदाच काळा हाय."

पडदाच लागत नाही म्हटल्यावर ती आत येणार कशी? इतके दिवस बारीकसारीक बिघाडावर मी खूश होतो, आणि आता असा फॉल्ट झाला होता की वायरमनला यायला वाटच उरली नव्हती.

मग तीच म्हणाली, "व्हिडिओ लावा. डबा खोलून दावा मला." मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि स्क्रू काढले. झाकण निघालं. पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या पाकळ्या गुंडाळल्या होत्या, देठ अडकले होते आणि तळाशी तांदूळ पसरले होते. "अण्णा, ह्ये काय करून ठेवलंय?" असं म्हणाली आणि एवढी हसली की तिला फोन कुठेतरी टेकवून ठेवावा लागला. मीही हसलो. "तुमी जन्मभर लाइनवर काम केलं ना?" असं म्हणून वर मला चिडवलं.

फोन टेकवून ठेवल्यामुळे मला ती पहिल्यांदा पूर्ण दिसली. रविवारी फक्त तोंड दिसायचं. अंगात जाडजूड कोट, पायात बूट, खांद्याला बॅग. उभ्या उभ्या पाव खात होती. डोळे सुजल्यासारखे. मागे कोरी भिंत. मी चिमट्याने पाकळ्या काढत होतो, आणि ती दाराकडे बघत होती.

"तुला उशीर व्हतोय का?"

"न्हाई, न्हाई. तुमी सावकाश काढा."

पण तिने खांद्यावरची बॅग काही खाली ठेवली नाही. प्रत्येक वेळी असंच होत असणार. मला आवाज ऐकू यायचा, बॅग दिसायची नाही. मला स्वतःचा राग आला. लाइन दुरुस्त केल्यावर मी चहा प्यायलो असेन, पण चहाच्या आशेने लाइन कच्ची ठेवणारा वायरमन मी कधी नव्हतो. पंखा साफ झाला, मशिन सुरू झालं, आणि मी म्हणालो, "शनवारी कर तुझं अकरा."

शनिवारी ती आली, म्हणजे बाण आला. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिने सगळे फोटो एकीकडे नीट ठेवले, प्रिंटर बसवला, मराठी अक्षरं बसवली. मग 'आत्ता' दाबलं. आकडे हळूहळू चढत गेले. आम्ही फोनवर होतो, बोलत मात्र फारसं नव्हतो. मला तो वेळ संपू नये असं वाटत होतं. मग मशिन आपणहून बंद होऊन सुरू झालं, आणि पाहतो तर बाण होता, पण हलत नव्हता. मी माउसला हात लावला तेव्हा हलला. कोपऱ्यातली चित्रं आता खाली मधोमध बसली होती.

"झालं अण्णा! आता मला बोलवायची पाळीच येणार न्हाई."

ती किती आनंदाने म्हणाली! मी म्हणालो, "बेस झालं."

आणि खरंच पाळी आली नाही. प्रिंटर हाकेसरशी चालतो. मराठी उमटतं. पडदा सरळ आहे. संध्याकाळी दार लावून मी त्याच्यासमोर बसतो आणि ते निमूट चालत राहतं. काही बिघडवावं म्हणून हात शिवशिवले नाहीत असं नाही, पण हात लावला नाही. दिवाळी गेली, भाऊबीज गेली. रविवारी फोन यायचे. जेवलात का, गोळी घेतली का. मी सगळ्याला हो म्हणायचो. घर खायला उठतं म्हणतात ते काय असतं, हे मला अकरा नंबर आल्यावर नीट कळलं.

परवा मधल्याच वारी, दिवे लागायच्या सुमाराला तिचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी घाबरलो.

"मशिन बरं हाय ना, अण्णा?"

"झकास."

"प्रिंटर?"

"चालतोय की."

"काईच अडत न्हाई?"

"न्हाई."

ती फोन ठेवीना. मीही ठेवला नाही. मग माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, "मशिनचं काय अडत न्हाई गं. माझं अडतं. तू यायची बंद झालीस."

लाइन कट झाली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. तेव्हा ती म्हणाली, "मी रोज सकाळी आवरून बसायची अण्णा, तुमचा फोन येतोय का बघत. हितं दिसभर माझ्याशी कुणी एक सबुद मराठी बोलत न्हाई. तुमची कटकट वाचावी म्हणून अकरा टाकलं, आन् आता तुमचं मशिन बिघडत न्हाई, तर मी कुणाशी बोलू?"

इतके दिवस मी धरून चाललो होतो की एकटा मीच आहे.